भाजलेली माती

मे महिन्यातल्या उन्हात कौसल्या धावडा गावाच्या गायरानातल्या आपल्या शेतात उभी होती आणि फोन जमिनीकडं धरून भेगा दाखवत होती. फोनवर तिचा धाकटा भाऊ प्रेम होता. तो तिकडं हॉलंडात, रॉटरडॅम नावाच्या बंदराच्या गावी राहायचा.

"अक्का, जरा खाली घे. अजून. ती ओढ्याकडची दाखव."

"ही बघ."

"ही न्हाई, तिच्या बाजूची. हात जाईल अशी पाहिजे."

कौसल्या उकिडवी बसली आणि तिनं भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला. "बराबर," प्रेम म्हणाला, "इथलीच काढ यंदा."

फोनचा कॅमेरा मातीकडं असल्यामुळं त्याला ती दिसत नव्हती. तिला मात्र तो दिसत होता. केस वाढलेले, अंगात स्वेटर, मागं मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर करडं आभाळ. तो मातीकडं बघायचा आणि ती त्याच्याकडं. गालाची हाडं वर आलीत का, दाढी कधी केली असेल, हेच ती बघत राहायची. वर्षातले बाकीचे महिने त्याचा फोन कधीमधी यायचा, तोही घाईत. पण माती काढायच्या दिवसांत तो रोज यायचा. त्यामुळं धावड्याचा तो रणरणता उन्हाळा कौसल्याला सणासारखा वाटायचा.

प्रेम चित्रकार होता, पण त्याच्या चित्रांत रंग नसायचा. माणसाएवढ्या उंच लाकडी चौकटीत तो ह्या मातीचा चिखल डिंकात कालवून थापायचा. तो वाळताना त्याला भेगा पडायच्या. कुठं भेग पडू द्यायची, कुठं अडवायची, ह्यातच त्याचं सगळं कसब होतं. मग एका कोपऱ्यात तो गट नंबर कोरायचा, सातबाऱ्यावर असतो तसा. लंडनच्या एका गॅलरीनं त्याला हाती धरलं होतं. ती चित्रं लंडनमध्ये, दुबईत, हाँगकाँगमध्ये विकली जायची.

ही जमीन त्यांच्या वडिलांनी फोडलेली. तातेराव तरुण असताना बौद्ध वस्तीतल्या चार-सहा घरांनी मिळून गायरानात नांगर घातला. उभी पिकं दोनदा कुणीतरी जनावरं सोडून खाऊ घातली. तातेरावांनी पुन्हा पेरलं. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत त्यांचे केस पांढरे झाले होते. वरच्या अंगाला नुसता मुरूम, पण ओढ्याच्या बाजूला काळी कसदार माती. तिथं मिरची चांगली यायची.

प्रेम रांगत होता तेव्हा आई गेली. कौसल्या सहावीत होती. तिची शाळा सुटली आणि काखेत भाऊ आला. तिचं लग्न जाफराबादच्या देवानंदशी झालं, तेव्हा प्रेम मांडवातच तिच्या पदराला धरून झोपला होता. पुढं तो शिकला. आधी संभाजीनगरच्या चित्रकलेच्या कॉलेजात, मग बडोद्याला. तो बडोद्यात असतानाच तातेराव वारले. जमीन पडीक राहिली असती, तर तिच्यावर डोळा ठेवून बसलेले लोक लगेच पुढं आले असते. धावड्यात राहायला जाऊ या का, असं कौसल्यानं नवऱ्याला चाचरत विचारलं.

"सासुरवाडीत येऊन राह्यला म्हणून लोक हसतील तुमाला."

देवानंद टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "हसू दे. टेम्पो काय, धावड्यातूनबी चालतो."

अशी ती दोघं लहानग्या लेकीला, प्रियाला घेऊन धावड्यात आली. प्रेमला मात्र एक शिष्यवृत्ती मिळाली आणि तो हॉलंडला गेला. दोन वर्षांसाठी गेला होता, तिथंच राहिला.

पहिल्यांदा त्यानं माती नेली ती बॅगेतून, वडिलांच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला आला तेव्हा. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी ती काढून फेकून दिली. परदेशातली कच्ची माती चालत नाही, तिच्यातून रोग येतात, म्हणाले. त्या दिवशी फोनवर प्रेमचा आवाज ओला होता. नंतर गॅलरीवाल्यांनी रीतसर परवानगी काढली. अट एवढीच की माती चाळून, भाजून पाठवायची. तिच्यात जिवंत काही राहता कामा नये.

मग कौसल्या माती भाजायला शिकली. वस्तीतली लग्नकार्याची मोठी कढई आणायची, अंगणात तीन दगडांची चूल मांडायची. माती काढली की आधी दोन दिवस ती कडेला नुसती पसरून ठेवायची, म्हणजे मुंग्यांना, किड्यांना निघून जायला वेळ मिळेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग चाळणं, मग मोठ्या सराट्यानं हलवत हलवत भाजणं. काळी माती आधी वाफ सोडायची, मग तिचा रंग उतरायचा आणि करपल्या भाकरीसारखा वास सुटायचा. शेजारच्या गिरिजाबाईंच्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. ती वासावर आली आणि ओशाळून म्हणाली, "मावशी, चिमूटभर द्या ना, लई मन होऊन राह्यलं."

कौसल्यानं प्रेमला सांगितलं, "तुझं चित्र इकडं बाया खाऊन राह्यल्या."

तो इतका हसला की त्याच्या हातातला कप हिंदकळला. ते हसू कौसल्यानं पुष्कळ दिवस पुरवून पुरवून वापरलं.

हळूहळू मागणी वाढली. एका पोत्याची दोन झाली, दोनाची पाच. वस्तीतल्या बाया मजुरीनं भाजायला येऊ लागल्या. देवानंद पोती टेम्पोत घालून नवीन जालन्याला न्यायचा. तिथं बियाण्याच्या कंपन्यांचा माल परदेशी धाडणारा एक एजंट होता, तो पुढचं बघायचा. घराला गिलावा झाला, प्रियाचं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. प्रेम हात आखडता घेत नव्हता. पण कौसल्या विचारायची ते वेगळंच.

"कवा येतो?"

"जयंतीला येतो अक्का. नक्की."

चौदा एप्रिल यायचा. निळे झेंडे लागायचे, मिरवणूक निघायची. कौसल्या पुरणाची डाळ जरा जास्तच शिजत घालायची. आणि प्रेमचा फोन यायचा की अमक्या देशात चित्रांचा मेळा आहे, गॅलरीवाले म्हणतात यावंच लागतं, गिऱ्हाईक चित्राबरोबर चित्रकारही बघतं. पुढच्या जयंतीला नक्की.

एके वर्षी त्याची चित्रं मुंबईला आली. तो स्वतःही येणार होता. कौसल्यानं प्रियाला बरोबर घेतलं, जालन्याहून गाडी धरली. डब्यात मेथीच्या दशम्या, मिरचीचा ठेचा, आणि अंगावर नऊवारी सोडून नवी पाचवारी, कारण प्रिया म्हणाली मुंबईत तेच बरं. कुलाब्याजवळच्या जुन्या दगडी इमारतीत गॅलरी होती. आत थंडगार. दारातच प्रीती नावाच्या मुलीनं त्यांना पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सरांना काल अचानक हाँगकाँगला जावं लागलं. त्यांनी तुमच्याशी बोलायचा खूप प्रयत्न केला, फोन लागला नाही."

गाडीत रेंज नव्हती, हे खरं होतं. कौसल्यानं मान हलवली. दशम्यांचा डबा तिनं पिशवीत खाली सरकवला.

मग ती चित्रांपुढून चालली. पांढऱ्या भिंतींवर तिच्या शेताचे उभे तुकडे लटकत होते. लोक हळू बोलत होते. तिला वाटलं होतं, इथं आल्यावर छाती भरून येईल. पण ती एकेका चौकटीत भावाला शोधत होती आणि तो कुठं सापडत नव्हता. शेवटच्या चित्रापाशी ती थांबली. खालच्या कडेला चिखल दाबताना अंगठा उमटला होता. त्या अंगठ्यावर तिरपी रेघ होती. लहानपणी प्रेमला विळा लागला होता, त्याची ती खूण. तिनंच तेव्हा हळद दाबली होती.

तिचा हात आपोआप पुढं गेला. भिंतीशी उभा असलेला रखवालदार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हात नका लावू."

"न्हाई लावत," कौसल्या म्हणाली. हात मागं घेतला, पण तिथून ती हलली नाही. प्रिया दोनदा बोलवून गेली.

निघताना तिनं प्रीतीला विचारलं, "ह्ये अंगठ्याचं चित्र कुणाच्या घरी जाईल?"

प्रीतीनं जरा विचार केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. म्हणाली, "हे बहुतेक घरी नाही जाणार. ज्यांनी घेतलंय, त्यांचं गोदाम आहे स्वित्झर्लंडमध्ये. तिथं ठेवतात."

"आन् बघतात कवा?"

"बघत नाहीत फारसे. किंमत वाढली की विकतात. घेणारा पण पुष्कळदा तिथंच ठेवतो. पेटी उघडतसुद्धा नाहीत."

धावड्याला परत आल्यावर तिनं हे देवानंदला सांगितलं. त्याला त्यात नवल वाटलं नाही. "आपल्या इकडचे आडते काय करतात? मिरची शीतगृहात घालतात, भाव आला की काढतात. त्यांना काय खायची हाये?"

"मिरची शेवटी कुणीतरी खातंच की," कौसल्या म्हणाली.

देवानंद टेम्पो धुवायला गेला. कौसल्या मात्र पुढं कित्येक दिवस त्या बंद पेटीचा विचार करायची. अंधारात तो अंगठा.

मग एका वर्षी मे उजाडला आणि प्रेमचा रोजचा फोन आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कौसल्यानं लावला तर "नंतर करतो अक्का" एवढाच निरोप यायचा, लिहिलेला. जमिनीला नेहमीसारख्या भेगा पडल्या. एका सकाळी कौसल्यानं कढई आणली, चूल पेटवली आणि एकटीच माती भाजायला बसली.

देवानंद बघत उभा राहिला. "त्यानं सांगितलं का?"

"न्हाई."

"मंग?"

"सांगितल्यावर घाई होती. तयार असलेली बरी."

त्यानं तिला अडवलं नाही. लाकडं फोडून दिली.

फोन आला तो पोळा झाल्यावर. कौसल्या मिरची तोडत होती. प्रेमनं चेहरा दाखवला नाही, नुसता आवाज होता.

"अक्का, बाजार पडला."

"कापसाचाबी पडला."

"तसा न्हाई गं. आमचा बाजार. लढाई सुरू झाली, तिकडं व्याजाचे दर वाढले, पैसेवाल्यांनी हात आखडला. दोन वर्षं झाली, उतरूनच राह्यला. माझ्यासारख्या नव्या लोकांची चित्रं त्यांनी आधी काढली विकायला. जी चार लोकांनी मिळून वर चढवली, तीच चार लोकांनी खाली आणली. गॅलरी बंद झाली."

कौसल्याला सगळं कळलं नाही. बाजार पडणं मात्र कळलं.

"तू जेवला का?" तिनं विचारलं.

मग तो म्हणाला, "फुलांच्या गोदामात काम करून राह्यलो अक्का. फुलं मोजून खोक्यात भरायची. स्टुडिओ सोडला."

"काम कोणतंबी वाईट नसतं. घरी ये."

"काय तोंड घेऊन येऊ? लोकांना वाटतं मी लई मोठा झालो."

"लोकांना काय वाटतं ते लोकांकडं राहू दे. मला तुला बघायचं हाये. तोंड असंल तसं घेऊन ये."

तो फेब्रुवारीत आला. देवानंद त्याला टेम्पोतून जालन्याहून घेऊन आला, तेव्हा कौसल्या दारात उभी होती. इतकी वर्षं ती ह्या घडीचा विचार करत आली होती. काय बोलायचं, तेही ठरवलं होतं. प्रत्यक्षात ती म्हणाली, "पाणी तापवलंय, आंघोळ करून घे." आणि चुलीकडं वळली, कारण डोळे भरून आले होते.

पहिले दिवस तो नुसता झोपला. उठला की जेवायचा, पुन्हा झोपायचा. कौसल्या कामं करता करता खोलीत डोकावून जायची. तो दिसला की पुन्हा कामाला लागायची. गावातले लोक भेटायला आले, परदेशाचं विचारून गेले. प्रेम जपून बोलायचा. एकदा तो मागच्या पडवीत गेला आणि थबकला. तिथं पोती रचलेली होती.

"अक्का, हे काय?"

"माती."

"कवा भाजली?"

"मागच्या मे मधी."

"मी तं सांगितलं नव्हतं."

"न्हाई सांगितलं."

तो त्या पोत्यांवर बसला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ती पोती शेतात नेली आणि ओढ्याकडच्या खड्ड्यात ओतली, जिथून ती काढली होती. आजूबाजूच्या काळ्या जमिनीत ती फिकट, वेगळी दिसत होती.

"ह्याच्यात आता काय उगवंल?" प्रेमनं विचारलं.

"यंदा न्हाई. वाऱ्यानं बी येतं, शेणखत पडतं. होईल हळूहळू पहिल्यासारखी."

मार्च सरत आला तसा कौसल्याला एक बदल दिसू लागला. प्रेम सकाळी टेकाडावर जायचा, जिथं रेंज चांगली येते. तिथं बसून कुणाकुणाशी इंग्रजीत बोलायचा, नाहीतर नुसताच फोनमध्ये बघत राहायचा. एकदा ती त्याला चहा घेऊन वर गेली.

"काय बघून राह्यला?"

"काही न्हाई. तिकडं उशिरा बर्फ पडलं यंदा. नदीवर पूल हाये एक, मी रोज सायकलनं जायचो त्याच्यावरून. तो दिसून राह्यला."

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. पांढरा पूल, करडं पाणी, एक माणूस सायकलवर. कौसल्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही. पण त्याचा आवाज तिनं ऐकला आणि ती खाली बसली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. बायांनी विहिरीवर प्रेमचं विचारलं की ती ह्याच आवाजात सांगायची.

जयंतीच्या आधी वस्तीतली पोरं प्रेमकडं आली. कमानीवर अक्षरं काढून पाहिजे होती. दरवर्षी फ्लेक्स लावायची, पण यंदा आपला चित्रकार गावात आहे म्हणाली. प्रेमनं आधी नाही म्हटलं, मग रंग आणायला स्वतःच भोकरदनला गेला. दोन दिवस तो शिडीवर उभा होता. निळ्यावर पांढरी अक्षरं, मध्ये अशोकचक्र, खाली त्याला सुचली तशी नक्षी. मिरवणुकीच्या दिवशी गावातली, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं कमानीखालून गेली. म्हातारे थांबून वर बघत. बाया लेकरांना उचलून दाखवत. प्रेम गर्दीच्या मागं, एका टपरीच्या आडोशाला उभा होता आणि लोक काय बोलतात ते ऐकत होता. कौसल्यानं त्याला दुरून बघितलं. तिला वाटलं, हा आता राहील.

जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "अक्का, मी परत जाऊन राह्यलो."

देवानंदनं घास तसाच हातात धरला. प्रिया सुट्टीला घरी आली होती, तिनं आईकडं बघितलं.

"फुलांचंच काम हाये," प्रेम खाली मान घालून बोलत होता. "पण संध्याकाळ मोकळी असती. एका मैत्रिणीच्या घरी पोटमाळा हाये, तिथं चित्रं काढीन. कुणी घेवो न घेवो. इथं राह्यलो तं मी नुसता तिकडचा विचार करीत बसंन. तुला राग आला का?"

थांब, एवढा एक शब्द कौसल्यानं कित्येक वर्षं तोंडात धरून ठेवला होता. आता तो बोलायची वेळ आली, तर तिला आठवला तो टेकाडावरचा आवाज. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

"जा," ती म्हणाली. "पर जेवत जा वेळेवर. लई वाळला तू."

जायच्या दिवशी सगळेच टेम्पोतून नवीन जालन्याला गेले. मुंबईची गाडी उशिरा होती. स्टेशनवर बाकाला सावली होती, पण झळ लागतच होती. कौसल्यानं डबा उघडला, त्यानं निमूट दोन दशम्या खाल्ल्या. मग प्रिया पाण्याच्या बाटल्या आणायला गेली, देवानंद गाडी कुठवर आली ते विचारायला गेला, आणि दोघं भाऊबहीण बाकावर राहिली.

पहाटेपासून बांधाबांध चालली होती. बोलता बोलता प्रेमची मान कलली आणि तो कौसल्याच्या खांद्यावर टेकून झोपला. चाळिशीला टेकलेला माणूस, कानशिलावर दोन-चार पांढरे केस. ती हलली नाही. एक पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तरी तिनं तो हलवला नाही. पदराच्या टोकानं ती हळूहळू त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिली.

गाडी फलाटावर येत असल्याचं कर्ण्यातून सांगितलं गेलं. लोक सामान उचलून पुढं सरकले. देवानंद लांबून हात करत धावत येत होता, "उठव त्याला, जल्दी."

कौसल्यानं ऐकलं. रुळांवर इंजिनाचा आवाज येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिनं त्याच्या गालाला हात लावला.

"प्रेम," ती म्हणाली. "ऊठ बापू. गाडी आली."